पेल्यातले गुण आणि बाटलीवरचे दावे

पाणी, चहा, कॉफी, फळांचे रस आणि अलीकडे 'डिटॉक्स'च्या नावाखाली खपणारी नाना मिश्रणे यांच्याविषयी जितके आरोग्यदावे रोज कानावर पडतात, तितके रोजच्या वापरातल्या दुसऱ्या कुठल्याही वस्तूविषयी क्वचितच पडत असतील. असा एखादा दावा वाचनात आला की तो मुळात कुठून निघाला, कुणावर केलेल्या अभ्यासातून निघाला आणि त्या अभ्यासात नेमके काय मोजले होते, हे शोधून पाहण्याची सवय मी स्वतःला लावून घेतली आहे. या शोधातून माझे एक मत पक्के झाले आहे. यांतले बहुतेक दावे पूर्णपणे रचलेले नसतात, त्यांच्या मुळाशी काहीतरी खरे असते. पण मूळ वाक्यातले 'किती', 'कुणाला' आणि 'कशाच्या ऐवजी' हे तपशील वाटेत गळून पडतात, आणि ते गळाले की मागे उरलेले वाक्य खरे राहत नाही.

सर्वांत परिचित उदाहरण रोज आठ पेले पाणी पिण्याच्या नियमाचे आहे. अमेरिकेच्या अन्न व पोषण मंडळाने १९४५ साली अशी शिफारस केली होती की, प्रौढ माणसाला दर कॅलरीमागे साधारण एक मिलिलिटर, म्हणजे दिवसाला अडीच लिटरच्या आसपास पाणी लागते. त्याच मजकुरात पुढे असेही म्हटले होते की, यातले बहुतेक पाणी तयार अन्नातूनच मिळते. पहिले वाक्य जगभर पोहोचले आणि दुसरे मागे राहिले. हा नियम याच मजकुरातून जन्मला असे खात्रीने म्हणता येत नाही, पण त्याचा उगम म्हणून सर्वाधिक वेळा दाखवला जातो तो हाच मजकूर. हाइन्झ वॉल्टिन या शरीरक्रियाशास्त्रज्ञांनी २००२ साली उपलब्ध साहित्य तपासले, तेव्हा निरोगी, समशीतोष्ण हवामानात राहणाऱ्या आणि बैठे काम करणाऱ्या प्रौढांनी आठ पेले पाणी प्यायलाच हवे असे सांगणारा पुरावा त्यांना सापडला नाही. २००४ साली अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने स्त्रियांसाठी २.७ आणि पुरुषांसाठी ३.७ लिटर हे आकडे दिले. मात्र ते अन्न, चहा, कॉफी, दूध असे सारे धरून एकूण पाण्याचे होते, आणि बहुसंख्य निरोगी माणसांना तहान हीच पुरेशी मार्गदर्शक असल्याचेही त्या अहवालात नमूद होते. पुढे २०२२ साली 'सायन्स' या नियतकालिकात २३ देशांतल्या ५,६०४ लोकांच्या शरीरातल्या पाण्याच्या उलाढालीचा अभ्यास प्रसिद्ध झाला. वय, शरीराचा आकार, अंगमेहनत, तापमान आणि हवेतला दमटपणा यांनुसार ही गरज इतकी बदलते की सर्वांना लागू पडेल असा एक आकडा काढणेच चुकीचे ठरते, हे त्यातून स्पष्ट झाले.

याचा अर्थ पाण्याकडे दुर्लक्ष करावे असा मुळीच नाही. ज्यांना एकदा मुतखडा होऊन गेला आहे त्यांना दिवसाला अडीच लिटर लघवी होईल इतके द्रव घेण्याचा सल्ला दिला जातो, आणि त्यामागे चांगला पुरावा आहे. उतारवयात तहानेची जाणीव मंदावते, त्यामुळे वृद्धांनी केवळ तहानेवर विसंबून राहणे बरे नाही. उलट हृदय किंवा मूत्रपिंड कमकुवत झालेल्या काही रुग्णांना डॉक्टर पाणी मोजून प्यायला सांगतात, आणि अशा माणसाने 'भरपूर पाणी प्या' हा सर्वसाधारण उपदेश ऐकला तर त्याला त्रास होऊ शकतो. धडधाकट माणसालाही अति पाणी बाधू शकते. २००२ च्या बॉस्टन मॅरेथॉननंतर ४८८ धावपटूंचे रक्त तपासले, तेव्हा त्यांपैकी १३ टक्के जणांच्या रक्तातले सोडियम सामान्य पातळीखाली गेलेले आढळले, आणि शर्यतीदरम्यान वजन वाढलेल्यांमध्ये, म्हणजे घामापेक्षा अधिक द्रव प्यायलेल्यांमध्ये, हे प्रमाण विशेष होते.

कॉफीची कथा अधिक बोधक आहे, कारण तिच्यावर आधी रोगाचा आरोप झाला आणि नंतर तिला दीर्घायुष्याचे श्रेय मिळाले. १९८१ साली एका प्रतिष्ठित अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या अभ्यासाने कॉफीचा संबंध स्वादुपिंडाच्या कर्करोगाशी जोडला आणि जगभरच्या वृत्तपत्रांनी ते ठळकपणे छापले. या अभ्यासाची रचना जवळून पाहण्यासारखी आहे. कर्करोग झालेल्या रुग्णांच्या कॉफीची तुलना त्याच रुग्णालयांतल्या इतर रुग्णांच्या कॉफीशी केली होती. हे इतर रुग्ण त्याच डॉक्टरांकडचे होते, आणि त्या डॉक्टरांमध्ये पोटविकारतज्ज्ञ बरेच असल्यामुळे तुलनेसाठी घेतलेल्या कित्येकांना पोटाच्याच तक्रारी होत्या. पोट बिघडलेला माणूस कॉफी आपणहून कमी करतो किंवा त्याला ती कमी करायला सांगितले जाते. तुलनेचा गटच असा कमी कॉफी पिणारा निघाल्यामुळे कर्करोगाचे रुग्ण जास्त कॉफी पिणारे दिसले. पुढच्या अभ्यासांत हा संबंध टिकला नाही. मूत्राशयाच्या कर्करोगाच्या संशयावरून जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९१ साली कॉफीला 'कदाचित कर्करोगकारक' या वर्गात टाकले होते, तेही २०१६ साली मागे घेतले गेले. त्याच वेळी संस्थेने ६५ अंश सेल्सिअसहून अधिक तापमानाची पेये अन्ननलिकेच्या कर्करोगाला बहुधा कारणीभूत ठरतात असे म्हटले. त्यात दोष तापमानाचा आहे, मग पेय कोणतेही असो. चहा-कॉफी ओठाला सोसेल इतकी निवू देणे ही साधी गोष्ट मला अनेक महागड्या चूर्णांपेक्षा मोलाची वाटते.

आता वारा उलट दिशेने वाहतो आहे. २०१७ साली 'बीएमजे' या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात अनेक विश्लेषणांचा एकत्रित आढावा आला आणि दिवसाला तीन ते चार कप कॉफी पिणाऱ्यांमध्ये मृत्यूचे आणि हृदयविकाराचे प्रमाण न पिणाऱ्यांपेक्षा कमी असल्याचे दिसले. हा निष्कर्ष दिलासा देणारा आहे, पण तो मुख्यतः निरीक्षणावर आधारलेला आहे. ज्यांची प्रकृती ढासळते ते कॉफी सोडतात, ज्यांची ठीक असते ते पीत राहतात, आणि एवढ्यानेही पिणारे निरोगी दिसू शकतात. १९८१ मध्ये जी गफलत कॉफीच्या विरोधात गेली तीच आज काही अंशी तिच्या बाजूने झुकत असणे शक्य आहे. म्हणून माझे मत असे आहे की, कॉफी आवडत असेल तर ती निर्धास्तपणे प्यावी, पण न आवडणाऱ्याने आयुष्य वाढवण्यासाठी ती सुरू करण्याचे कारण नाही. जे पक्के ठाऊक आहे ते कमी चमकदार आणि अधिक उपयोगाचे आहे. कागदी गाळणीतून न गाळलेल्या उकळलेल्या कॉफीतले कॅफेस्टॉल नावाचे द्रव्य रक्तातले कोलेस्टेरॉल वाढवते, कागदातून गाळले की ते बहुतांशी मागे राहते. कॅफिनचा निम्मा अंश शरीरातून जायला सरासरी पाच तास लागतात, म्हणून संध्याकाळचा कप रात्रीची झोप बिघडवू शकतो. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१५ साली निरोगी प्रौढांसाठी दिवसाला ४०० मिलिग्रॅम आणि गरोदर स्त्रियांसाठी २०० मिलिग्रॅम कॅफिनपर्यंत चिंतेचे कारण नसल्याचे सांगितले. चहा-कॉफीने शरीर कोरडे पडते, हा समज मात्र सोडून द्यायला हरकत नाही. नेहमी कॉफी पिणाऱ्या ५० पुरुषांवर २०१४ साली केलेल्या प्रयोगात कॉफीऐवजी तितकेच पाणी दिले तरी शरीरातल्या पाण्याच्या पातळीत लक्षणीय फरक पडला नाही.

रेड वाइनच्या बाबतीत इतक्या सौम्य शब्दांत लिहिणे मला जमत नाही, कारण तिच्याविषयीच्या दाव्याने खरोखर नुकसान केले आहे. फ्रेंच लोक स्निग्ध पदार्थ भरपूर खाऊनही हृदयविकाराने कमी मरतात आणि त्याचे कारण रेड वाइन असावे, ही कल्पना १९९१ साली अमेरिकेतल्या एका लोकप्रिय दूरचित्रवाणी कार्यक्रमात मांडली गेली आणि तिथे रेड वाइनचा खप झपाट्याने वाढला. मग द्राक्षांच्या सालीतल्या रेझव्हेराट्रॉल या द्रव्यावर बोट ठेवले गेले. उंदरांवरच्या ज्या प्रयोगांमुळे ते गाजले त्यांत दिलेली मात्रा इतकी मोठी होती की वाइनच्या पेल्यातून तिच्या जवळपासही पोहोचणे अशक्य आहे. याच विषयावर विपुल लिहिणाऱ्या एका संशोधकाने आकडे आणि छायाचित्रे बनवल्याचे त्याच्या विद्यापीठाने, कनेक्टिकट विद्यापीठाने, २०१२ साली जाहीर केले. 'थोडी घेतलेली बरी' या सरसकट समजुतीलाही तुलनेच्या गटानेच दगा दिला होता. न पिणाऱ्यांच्या गटात आजारपणामुळे पिणे सोडलेली माणसे मोजली गेली, त्यामुळे तो गट अधिक रोगट दिसला आणि त्याच्या शेजारी बेताने पिणारे सुदृढ वाटले. या प्रश्नाचा निकाल लावण्यासाठी अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने मोठा प्रयोग हाती घेतला होता, पण त्यासाठी मद्य उद्योगाकडून निधी मिळवताना नियम मोडले गेले आणि रचनाच अनुकूल निष्कर्षाकडे झुकलेली होती, असे चौकशीत दिसल्यावर २०१८ साली तो बंद करावा लागला. मद्य कर्करोगकारक असल्याचे १९८८ पासून मान्य झालेले आहे, आणि मद्यसेवनाची कोणतीही पातळी निर्धोक नाही असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली स्पष्ट शब्दांत सांगितले. हृदयासाठी म्हणून पिणाऱ्या माणसाला हे सांगायला आपण संकोच करू नये.

फळांच्या रसाचा दावा वेगळ्या रीतीने फसवतो, कारण फळ चांगले असते हे खरेच आहे. रसाची कोणतीही बाटली हातात घेऊन तिच्या पुढच्या आणि मागच्या बाजूंकडे आळीपाळीने पाहावे. पुढे रसरशीत फळाचे चित्र असते आणि 'वरून साखर घातलेली नाही' असे मोठ्या अक्षरांत लिहिलेले असते. मागे बारीक अक्षरांतल्या तक्त्यात दर १०० मिलिलिटरमागे साखर किती ते दिलेले असते, आणि सफरचंदाच्या रसात तो आकडा सहसा १० ग्रॅमच्या जवळपास असतो; साखर घातलेल्या कोलातही तो फारसा वेगळा नसतो. ३०० मिलिलिटरची बाटली संपवली तर ३० ग्रॅम साखर पोटात गेली. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली दिलेल्या मार्गदर्शक सूचनांत मुक्त साखर एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांखाली आणि शक्य तर ५ टक्क्यांखाली ठेवावी असे म्हटले आहे, आणि मध व फळांच्या रसातली साखर या मुक्त साखरेतच मोजली आहे. दिवसाला २,००० कॅलरी घेणाऱ्यासाठी ५ टक्के म्हणजे २५ ग्रॅम, अर्थात त्या एका बाटलीने ही मर्यादा ओलांडली. पुढचे वाक्य खोटे नाही आणि मागचा आकडाही लपवलेला नाही, फक्त दोन्ही एकत्र वाचले जाणार नाहीत याची तजवीज केलेली आहे. काही तक्त्यांत 'एक वाढणी' म्हणून बाटलीचा निम्माच भाग धरलेला असतो, तेही पाहून घ्यावे.

सबंध फळ चावून खाल्ले तर त्यातला चोथा पोट भरवतो आणि साखर रक्तात सावकाश उतरते. चार फळांचा रस मात्र दोन मिनिटांत संपतो आणि पुन्हा भूक तशीच राहते. २०१३ साली सुमारे १ लाख ८७ हजार अमेरिकी लोकांच्या दीर्घकालीन नोंदींचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात सबंध फळे, विशेषतः ब्ल्यूबेरी, द्राक्षे आणि सफरचंदे खाणाऱ्यांमध्ये टाइप २ मधुमेह कमी, तर रस पिणाऱ्यांमध्ये किंचित जास्त आढळला. हादेखील निरीक्षणात्मकच अभ्यास आहे, म्हणून मी त्यावर एकट्यावर भिस्त ठेवणार नाही. पण रसाच्या बाजूने केले जाणारे मोठमोठे दावे याहूनही दुबळ्या पायावर उभे असतात. डाळिंबाच्या रसाने हृदयविकार आणि प्रोस्टेटचा कर्करोग टळतो असे सुचवणाऱ्या पॉम वंडरफुल कंपनीच्या जाहिराती पुराव्याअभावी दिशाभूल करणाऱ्या असल्याचा निर्णय अमेरिकेच्या व्यापार आयोगाने २०१३ साली दिला आणि २०१५ साली अपील न्यायालयाने तो मुख्यतः कायम ठेवला.

रक्तातली आम्लता घटवते म्हणून खपवल्या जाणाऱ्या अल्कलाइन, म्हणजे अल्कधर्मी, पाण्याचा विचार फार वेळ करण्याची गरज नाही. ते पाणी प्रथम जठरातल्या तीव्र आम्लात पडते, आणि रक्ताचा पीएच (आम्ल-अल्कतेचे माप) ७.३५ ते ७.४५ या अरुंद पट्ट्यात ठेवण्याचे काम फुफ्फुसे आणि मूत्रपिंडे अहोरात्र करतात. पेलाभर पाणी तो पट्टा हलवू शकत नाही, आणि हलवू शकत असते तर ते पाणी धोकादायक ठरले असते. डिटॉक्स पेयांचेही तसेच. मूत्रपिंडे दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात, यकृत घातक द्रव्यांचे रूपांतर करते, आणि या पेयांनी नेमके कोणते विष बाहेर पडते हे त्यांच्या बाटलीवर मला कधीच वाचायला मिळालेले नाही. ब्रिटनमधल्या तरुण वैज्ञानिकांच्या एका गटाने २००९ साली अशी १५ उत्पादने घेऊन त्यांच्या निर्मात्यांना 'डिटॉक्स म्हणजे काय' एवढेच विचारले, तेव्हा कोणत्याही दोन कंपन्यांचे उत्तर जुळले नाही. ग्रीन टीने वजन उतरते या दाव्याचा कॉक्रेन या वैद्यकीय प्रयोगांचे एकत्रित परीक्षण करणाऱ्या संस्थेचा आढावा २०१२ साली आला आणि उतरलेले वजन इतके नगण्य होते की त्याला वैद्यकीय अर्थ नव्हता. ग्रीन टी हे पेय म्हणून छानच आहे. तिच्या अर्काच्या गोळ्या मात्र वेगळी वस्तू आहेत, आणि त्यांतून मिळणाऱ्या मोठ्या मात्रेने यकृताला इजा होऊ शकते असा इशारा युरोपीय प्राधिकरणाने २०१८ साली दिलेला आहे.

ॲपल सायडर व्हिनेगरची ताजी हकीकत मात्र सविस्तर सांगायला हवी. २०२४ च्या मार्चमध्ये 'बीएमजे' समूहाच्या एका पोषणविषयक नियतकालिकात लेबनॉनमधला प्रयोग छापून आला. १२ ते २५ वर्षे वयाच्या १२० जणांपैकी ज्यांनी रोज सकाळी थोडे व्हिनेगर पाण्यातून घेतले, त्यांचे वजन १२ आठवड्यांत सरासरी सहा ते आठ किलोने घटल्याचे त्यात म्हटले होते. चमचाभर व्हिनेगरने एवढा फरक पडत असेल तर तो वैद्यकातला मोठाच शोध ठरायला हवा होता, आणि नेमकी हीच शंका इतर शास्त्रज्ञांनी उपस्थित केली. मूळ आकडे तपासले असता ते निष्कर्षांशी जुळेनात आणि त्यांत अविश्वसनीय मूल्ये आढळली. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये नियतकालिकाने हा लेख मागे घेतला. ज्यांनी पहिली बातमी वाचली त्यांतल्या किती जणांपर्यंत दुसरी पोहोचली असेल, या विचाराने मला वाईट वाटते. व्हिनेगर रोज घेणाऱ्यांनी ते निदान भरपूर पाणी मिसळून घ्यावे, कारण त्यातले आम्ल दातांवरचे कवच झिजवते.

दावा खरा निघतो तेव्हा तो कसा दिसतो, हे क्रॅनबेरी या आंबट लाल फळावरून कळते. तिच्या रसाने लघवीचा जंतुसंसर्ग टळतो ही जुनी समजूत कॉक्रेनच्या २०१२ च्या आढाव्यात टिकली नव्हती. पुढे नवे प्रयोग झाले, आणि २०२३ च्या आढाव्यात ५० प्रयोगांतल्या ८,८५७ लोकांची माहिती एकत्र केल्यावर चित्र पालटले: ज्या स्त्रियांना हा संसर्ग वारंवार होतो त्यांच्यात क्रॅनबेरीच्या रसाने किंवा गोळ्यांनी तो पुन्हा होण्याची शक्यता साधारण एक चतुर्थांशाने कमी झाली. वृद्धाश्रमांतल्या वृद्धांमध्ये किंवा गरोदर स्त्रियांमध्ये तसा लाभ दिसला नाही, आणि झालेला संसर्ग क्रॅनबेरीने बरा होतो असा पुरावाही नाही. कुणाला, किती आणि कशासाठी हे सारे या निष्कर्षात शाबूत आहे, म्हणूनच मी त्यावर विश्वास ठेवते.

आणि ज्या पेयाने खरोखर असंख्य जीव वाचवले त्याची जाहिरात कुणी करताना दिसत नाही. ग्लुकोज आणि सोडियम ठराविक प्रमाणात एकत्र आले की आतड्याच्या पेशी दोन्ही बरोबरच आत ओढतात आणि त्यांच्यामागे पाणीही शोषले जाते, या शोधावर जलसंजीवनी (ओआरएस) उभी आहे. १९७१ साली पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत पटकीची साथ पसरली आणि शिरेतून द्यायचे सलाइन संपले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी हे द्रावण तोंडावाटे द्यायला सुरुवात केली. जिथे ३० टक्क्यांच्या आसपास रुग्ण दगावत होते तिथे त्यांच्या देखरेखीखाली मृत्यूचे प्रमाण ३.६ टक्क्यांवर आले. याही पेयाची सारी किमया प्रमाणात आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या सध्याच्या सूत्रात एक लिटर पाण्याला १३.५ ग्रॅम ग्लुकोज आणि २.६ ग्रॅम मीठ असते, सोबत पोटॅशियम क्लोराइड आणि सायट्रेट. साखर वाढवली तर जुलाब बळावतात आणि मीठ वाढवले तर लहान मुलाच्या जिवाला धोका होतो. म्हणूनच पाकीट जेवढ्या पाण्यासाठी आहे तेवढ्याच पाण्यात ते विरघळवायचे असते, अंदाजाने नव्हे. जुलाब नसलेल्या माणसाने ताजेतवाने वाटावे म्हणून ते रोज पिण्यात काही लाभ नाही.

ज्या पेयाचा शरीरावर खरा परिणाम होतो, त्याचा नको असलेला परिणामही होऊ शकतो, आणि हा भाग बाटलीच्या पुढच्या बाजूवर कधीच नसतो. जेवणाबरोबर घेतलेला चहा वनस्पतिजन्य अन्नातल्या लोहाचे शोषण बरेच कमी करतो, त्यामुळे रक्तक्षय असलेल्यांनी जेवण आणि चहा यांत तासाभराचे अंतर राखावे. ग्रेपफ्रूट या लिंबूवर्गीय फळाच्या रसाचे उदाहरण तर याहून गंभीर आहे. १९८९ साली कॅनडातल्या संशोधकांनी रक्तदाबाच्या फेलोडिपिन या औषधावर मद्याचा काय परिणाम होतो ते पाहताना मद्याची चव लपवण्यासाठी हा रस वापरला, आणि औषधाची रक्तातली पातळी अपेक्षेपेक्षा कितीतरी वाढलेली त्यांना दिसली. औषधाचे विघटन करणारे आतड्यातले एक विकर (एन्झाइम) या रसाने निकामी होते, त्यामुळे नेहमीची गोळी जास्त मात्रेच्या गोळीसारखी काम करते. कोलेस्टेरॉलच्या सिमव्हास्टॅटिनसह अनेक औषधांना हे लागू पडते आणि काहींना मुळीच पडत नाही, म्हणून आपली गोळी कोणत्या गटात आहे हे ती लिहून देणाऱ्या डॉक्टरांना किंवा औषधविक्रेत्याला विचारूनच ठरवावे. रस सकाळी आणि गोळी रात्री असा तोडगा आपल्या मनाने काढू नये, कारण एका पेल्याचा हा परिणाम चोवीस तासांहून अधिक काळ टिकू शकतो.